चांदी आणि सरस : चित्रफितीची कहाणी

कोथरूडला पाहण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले, तर ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे उत्तर येईल. कोणी शेजारच्या हिंगण्यातील कर्व्यांच्या संस्थेचे नाव घेईल. कोणी १९६२ साली येथे उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या कारखान्याचे नाव घेईल. आजची तरुण मंडळी खाण्याची दुकाने आणि वाहनांची गर्दी सांगतील. परंतु याच कोथरूडात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे दुसरे आवार आहे, आणि तेथल्या थंड राखलेल्या कोठारांत जुन्या चित्रपटांची रिळे डब्यांतून जपून ठेवलेली आहेत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. आजचा आमचा विषय त्या डब्यांत काय आहे हा आहे. नटनट्यांविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. त्यांची छाया ज्या पातळ फितीवर उमटली, ती फीत कशाची असते, ती कोणी बनवली, आणि ती का नष्ट होते, याविषयी मात्र आपण सहसा विचारीत नाही.

आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि जे काही वाचले ते कचेरीतले काम आटोपल्यावर रात्री वाचले. पण कामगाराच्या मजुरीचा वाद मांडायचा, तर त्याच्या हातून वस्तू कशी घडते हे आधी समजून घ्यावे लागते. त्या सवयीपायीच आम्ही या विषयाकडे वळलो.

आज पदार्थविज्ञानात एका जातीच्या पदार्थांचा मोठा बोलबाला आहे. त्यांना सेंद्रिय आणि असेंद्रिय थरांची पातळ पटले म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. जीवसृष्टीतून आलेला किंवा तिच्यासारखा कार्बनचा पदार्थ, म्हणजे सरस, मेण, तेल, राळ, रंग, हा झाला सेंद्रिय भाग. धातू, क्षार, खनिज हा झाला असेंद्रिय भाग. हे दोन्ही अगदी पातळ थरांत एकमेकांशी जोडले, की दोघांपैकी एकट्याला जे साधत नाही ते जोडीला साधते. शिंपल्याच्या आतला चमकदार थर पाहा. त्यात चुनखडीच्या सूक्ष्म चकत्या आणि त्यांच्यामध्ये प्रथिनाची पातळ झिलई असते. नुसती चुनखडी खडूसारखी मोडते. शिंपला सहजासहजी मोडत नाही. निसर्गाने हे कोट्यवधी वर्षांपूर्वी साधले. माणसाने याच जातीचा जो पदार्थ सर्वांत मोठ्या प्रमाणावर बनवला आणि घरोघर पोचवला, तो म्हणजे छायाचित्राची फिल्म.

फितीचा तुकडा हातात घेतला तर तो एकजिनसी वाटतो. वास्तविक त्यात कित्येक थर आहेत. खालचा जाड थर म्हणजे आधार. तो मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागाइतका जाड असतो. त्यावर चिकटावा म्हणून एक अत्यंत पातळ लेप. त्यावर मुख्य थर, म्हणजे जिलेटिनमध्ये विखुरलेले चांदीच्या क्षाराचे बारीक कण. या मुख्य थराची जाडी मिलिमीटरच्या एकदोन शतांशांहून फारशी जास्त नसते. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो. सर्वांत वर ओरखडे पडू नयेत म्हणून पुन्हा जिलेटिनचाच एक पापुद्रा. संत तुकाराम आणि राजा हरिश्चंद्र यांचे सगळे विश्व या एकदोन शतांशांत सामावलेले आहे.

या थराचा इतिहास एका आजारी डॉक्टरापासून सुरू होतो. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याने छायाचित्राची रीत जाहीर केली, तेव्हा चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेत असत. त्याची दुसरी प्रत निघत नसे. १८५१ साली इंग्लंडमध्ये आर्चर याने काचेवर कलोडियनचा लेप देण्याची युक्ती काढली. हे द्रव्य ईथरमध्ये विरघळवावे लागे आणि काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. त्यामुळे छायाचित्रकार जाईल तेथे अंधारा तंबू, बाटल्या आणि काचा यांचे बिऱ्हाड पाठीवर. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा व्यवसायाने डॉक्टर. सूक्ष्मदर्शकातून चित्रे घेण्याचा त्याला नाद. कोंदट खोलीतल्या ईथरच्या वाफांनी त्याची प्रकृती बिघडली, म्हणून तो दुसरे काही द्रव्य मिळते का ते शोधू लागला. १८७१ साली त्याने जिलेटिनमध्ये चांदीचे ब्रोमाइड मिसळून कोरडी काच तयार केली आणि ती कृती छापून जगाला देऊन टाकली. पेटंट घेतले नाही. पुढे ज्या धंद्यात कोट्यवधींची उलाढाल झाली, त्याचा पाया काम करणाऱ्या माणसाचे फुप्फुस वाचवण्याच्या गरजेतून घातला गेला, ही गोष्ट आमच्यासारख्यांनी तरी विसरू नये.

जिलेटिन म्हणजे काय? जनावरांची हाडे आणि कातडी उकळून जो सरस निघतो, त्याचेच हे शुद्ध रूप. आणि फिल्मचा थर बनवण्याची कृती ऐकली तर आपल्या माजघरातली वाटावी. कोमट जिलेटिनमध्ये ब्रोमाइडचा क्षार विरघळवून घ्यायचा, आणि लाल उजेडात किंवा पूर्ण अंधारात त्यात चांदीच्या नायट्रेटचे पाणी हळूहळू ओतत ढवळायचे. चांदीच्या ब्रोमाइडचे कण तयार होतात. नुसत्या पाण्यात ते खाली बसून गोळा झाले असते. जिलेटिन त्यांना वेगवेगळे धरून ठेवते. मग ठराविक उष्णतेवर हे मिश्रण मुरू द्यायचे, म्हणजे कण वाढतात. मग ते थंड करून थिजवायचे, आणि शेवया पाडाव्यात तशा त्याच्या शेवया पाडून गार पाण्यात धुवायच्या, म्हणजे नको असलेले क्षार निघून जातात. पुन्हा वितळवून दुसऱ्यांदा आच द्यायची, आणि मग तो लेप यंत्रावर चालत्या पट्टीवर सारख्या जाडीने पसरायचा. आच किती, वेळ किती, धार किती बारीक, यांवर सगळे अवलंबून. लेप बनवणारे कारागीर आपल्या कृती गुप्त ठेवीत, आणि कारखान्याची खरी मालमत्ता ती वहीच असे.

मौजेची गोष्ट ही की जिलेटिन नुसते चिकटवण्याचे काम करते अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. पण एका खेपेच्या जिलेटिनने फिल्म तेज होई आणि दुसऱ्या खेपेच्या जिलेटिनने मंद. कारण कोणास सांगता येईना. १९२५ साली कोडॅक कंपनीतल्या शेपर्ड या शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. जिलेटिनमध्ये गंधकाची अत्यल्प द्रव्ये असतात, आणि ती मोहरीच्या तेलात असतात तशा जातीची आहेत. गाईने मोहरीवर्गातली झुडपे खाल्ली, तिच्या कातड्यात त्यांचा लवलेश उतरला, त्या कातड्याच्या सरसात तो राहिला, आणि चांदीच्या कणावर गंधकाचा एक सूक्ष्म डाग पडून तो कण प्रकाशाला जागा झाला. चांदीला डोळे दिले ते सरसाने. त्याआधी १८७३ साली जर्मनीत फोगेल याने असाच एक शोध लावला होता. चांदीचे ब्रोमाइड स्वभावतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच ओळखते. पण काही सेंद्रिय रंग त्याच्या कणांवर बसले, तर ते हिरवा आणि पुढे तांबडाही प्रकाश ओळखू लागते. रंगाचा हा थर जवळजवळ एका रेणूइतकाच जाड असतो. जुन्या मूकपटांच्या फितीला तांबडा रंग दिसत नसे. म्हणून कपाळावरचे कुंकू काळे उमटे, आणि नटांचे चेहरे रंगवताना त्याचा विचार करावा लागे.

प्रकाश पडला की या कणांत काय होते? एका कणात चांदीचे अब्जावधी अणू क्षाराच्या रूपात बांधलेले असतात. प्रकाशाने त्यांपैकी अवघे चारसहा मोकळे होऊन एकत्र आले, तरी पुरते. डोळ्यांना काही दिसत नाही. पण त्या कणाला रसायनाच्या पाण्यात घातले की त्या चारसहांच्या मागोमाग सबंध कणाची काळी चांदी होते, आणि ज्या कणांना प्रकाश लागला नाही ते हायपोच्या पाण्यात विरघळून जातात. या चारसहा अणूंचे महत्त्व संघटनेचे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता आधाराकडे वळू. काच वाकत नाही. तिच्यावर चलच्चित्र शक्य नव्हते. अमेरिकेत हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने सेल्युलॉइडच्या पट्टीवर लेप देण्याच्या कृतीसाठी १८८७ साली पेटंटचा अर्ज केला. त्याचा निकाल लागायला ११ वर्षे लागली. तेवढ्या अवधीत, १८८९ पासून, ईस्टमनची कोडॅक कंपनी सेल्युलॉइडची फिल्म विकू लागली होती. गुडविन १९०० साली वारला. त्याचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला १९१४ साली न्यायालयीन लढ्यानंतर ५० लाख डॉलर मिळाले. ते पाहायला तो नव्हता.

हे सेल्युलॉइड म्हणजे कापसावर नत्राम्लाची क्रिया करून बनवलेले नायट्रेट, सुरुंगाच्या दारूचे सख्खे भावंड. ते पारदर्शक, लवचिक, मजबूत. पण एकदा पेटले की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. पाण्याखाली बुडवले तरी विझत नाही. चित्रपटगृहात यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या तोंडापुढे कार्बनच्या कमानीचा झगझगीत दिवा आणि हाताशी ही फीत, अशी स्थिती असे. जगभर आगी लागल्या, माणसे मेली, आणि मग यंत्राची खोली वेगळी व आगीला दाद न देणारी हवी असे नियम झाले. आपल्याकडे १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटगृहाला परवाना आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची व्यवस्था बंधनकारक केली. सेन्सॉरसाठी हा कायदा आपण लक्षात ठेवतो. त्यातला आगीचा भाग विसरतो.

अशी ही फीत महाराष्ट्रात रुजवली दादासाहेब फाळके यांनी. फाळके यांनी छायाचित्रण, ठसे आणि रंगीत छपाई हे सारे धंदे हाताने केलेले होते. थरावर थर देऊन चित्र उठवणे त्यांना नवे नव्हते. १९१२ साली ते विलायतेस जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्या काळी कच्ची फीत कडेची भोके न पाडताच येत असे. भोके पाडण्याचे यंत्र वेगळे. ते अंधाऱ्या खोलीत बसून चालवायचे. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. दिवसभर कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणात उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि रात्री मुले निजल्यावर फितीला भोके पाडणे व रसायने कालवणे. त्यांचे दागिनेही या उद्योगात गेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र लागला. सुमारे ३,७०० फूट लांबीचा तो चित्रपट. दोन्ही कडांना एकेक भोक सारख्या अंतरावर नसते तर पडद्यावर हरिश्चंद्र थरथरत राहिला असता. भारतीय चित्रपटाच्या जनकाचा आपण गौरव करतो ते योग्यच आहे. पण अंधारात बोटांनी चाचपून फूट न् फूट सरकवणाऱ्या त्या बाईंना आमच्या मते पहिली फिल्म-कामगार म्हटले पाहिजे.

पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेरासुद्धा येथेच घडवला, आणि त्या कॅमेऱ्यावर घेतलेला सैरंध्री १९२० साली पुण्यात लागला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. त्याच साली प्रभातने सैरंध्री पुन्हा काढला, आणि तो रंगीत करण्याचे धाडस केले. दोन फिती लेपाकडून लेपाला भिडवून चित्र घ्यायचे आणि जर्मनीत त्याच्या रंगीत प्रती काढायच्या, अशी ती रीत. शांताराम त्यासाठी जर्मनीस गेले. रंग मनासारखे उठले नाहीत. येथे कॅमेरा करता येत होता, देखावे करता येत होते, ध्वनी साधला होता. थर मात्र परक्याच्या कारखान्यात होता, आणि त्यावर आपला काही इलाज नव्हता. दोनतीन वर्षांतच, १९३५-३६ साली, कोडॅकने आणि जर्मनीच्या आग्फाने एकाच फितीवर तीन थर देऊन रंगाचा प्रश्न सोडवला. वरचा थर निळा प्रकाश ओळखणारा, मग पिवळ्या गाळणीचा थर, खाली हिरवा आणि तांबडा प्रकाश ओळखणारे थर. धुताना प्रत्येक थरात चांदीच्या जागी सेंद्रिय रंग उभा राहतो आणि चांदी काढून घेतली जाते. चांदी आली, काम करून गेली, आणि रंग ठेवून गेली.

परावलंबनाचा चटका दुसऱ्या महायुद्धात बसला. कच्ची फिल्म दुर्मिळ झाली, सरकारने तिचे परवाने ठरवले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. स्वातंत्र्यानंतर हा धडा लक्षात ठेवून १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कारखाना उटीला काढला, कारण लेपाला थंड आणि धूळ नसलेली हवा लागते. १९६७ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि इंदू या नावाची फिल्म बाजारात आली. शाळेतल्या आमच्या वर्गाचे छायाचित्र कदाचित त्याच फिल्मवर असेल. तेथला कामगार काळोखात काम करणारा. ज्या खोलीत लेप चढतो तेथे दिवा लावता येत नाही. यंत्राचा आवाज, हाताचा अंदाज आणि सोबत्यावरचा विश्वास यांवरच चालायचे. पुढे परदेशी स्पर्धा, क्ष-किरण फिल्मच्या नव्या प्रकल्पासाठी काढलेले कर्ज, आणि शेवटी फिल्मशिवाय चित्र घेणारे कॅमेरे, यांपुढे तो कारखाना टिकला नाही. २०१४ साली केंद्र सरकारने उरलेल्या कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली. देशात थर बनवण्याची जी विद्या अर्ध्या शतकात जमली होती, ती त्या माणसांबरोबर घरी गेली.

फिल्म धुण्याच्या रसायनशाळांतले कामगारही आम्हाला आमच्या कामात भेटलेले आहेत. मेटॉल नावाचे द्रव्य धुण्याच्या पाण्यात असते. त्याने कित्येकांच्या हातांची कातडी फुटते आणि खाज जन्माची मागे लागते. एका ठिकाणी हातमोजे मागितले, तर मोज्यांनी फितीचा अंदाज येत नाही असे उत्तर मिळाले होते. हायपोच्या टाकीत उतरलेली चांदी मात्र तेथे दर आठवड्याला काळजीपूर्वक काढून, तोलून ठेवीत असत. चांदीचा हिशोब होता, कातडीचा नव्हता.

आणि याच चांदीने जुन्या चित्रपटांचा घात केला. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकी आज ज्यांचा काही तरी भाग हाती आहे असे तीसदेखील भरणार नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी लागलेला आपला पहिला बोलपट आलम आरा. त्याची एकही प्रत उरलेली नाही. काही फिती जळाल्या, काही कुजल्या. परंतु पुष्कळशा विकल्या गेल्या. चित्रपट एकदा सगळीकडे फिरून आला की त्याचे डबे म्हणजे अडगळ. तीत कृष्णधवल चित्राची चांदी असे. रसायनात बुडवून थर खरवडला की चांदी वेगळी होई, आणि उरलेल्या आधाराच्या बांगड्या व शोभेच्या वस्तू होत. यात कोणा एकाला दोष देऊन भागणार नाही. कर्जात बुडालेल्या निर्मात्याला त्या दिवशी चांदीचे पैसे हवे होते, आणि बाजाराने त्याला चांदीचाच भाव सांगितला. थराचा भाव सांगणारे कोणी नव्हते.

तो भाव सांगणारा माणूस पुण्यात आला. प्रभातच्या जागेवर १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून डबे गोळा केले. फाळके यांच्या कुटुंबाकडून कालिया मर्दन या १९१९ सालच्या चित्रपटाचे तुकडे मिळवून त्यांनी ते ओळीने लावले. आज फाळके यांची जी काही हालती छाया आपल्याला पाहता येते ती या खटपटीमुळे. नायर २०१६ साली पुण्यातच वारले.

परंतु गोळा करणे वेगळे आणि टिकवणे वेगळे. ८ जानेवारी २००३ रोजी लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संस्थेच्या आवारात असलेल्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली, आणि शेकडो चित्रपटांची हजारो रिळे काही वेळात भस्म झाली. नायट्रेट विझत नाही हे वर सांगितलेच. नायट्रेटच्या जागी १९५० च्या सुमारास सगळीकडे ॲसिटेटचा आधार आला. त्याला सुरक्षित फिल्म असे नाव होते. ती सहजासहजी पेट घेत नसे हे खरे. पण उष्ण आणि दमट हवेत तिच्यातून शिरक्याचे आम्ल सुटू लागते. डबा उघडला की आंबट वास येतो, फीत आकसते, थर सुटून वर येतो. एका डब्यातून निघालेली वाफ शेजारच्या डब्यालाही नासवते. याची पहिली तक्रार कोडॅककडे भारत सरकारकडूनच गेली होती, ही फिल्म निघाल्यापासून दहा वर्षांच्या आत. फिल्म ज्या थंड देशात बनली, तेथे हा रोग इतक्या लवकर दिसला नव्हता. आपल्या उन्हाळ्याने आणि पावसाळ्याने तो आधी दाखवला.

म्हणून कोठारे थंड हवीत. कृष्णधवल फितीला १० ते १२ अंश आणि रंगीत फितीला २ ते ४ अंश तापमान, आणि हवेत ओल बेताची. रंगीत फितीतली चांदी गेलेली असते आणि उरलेले सेंद्रिय रंग उष्णतेने विटतात, म्हणून तिला अधिक थंडी. वीज एक दिवस गेली आणि कोणाचे लक्ष नसले, तर थंड डब्यावर दव धरते. २०२२ साली केंद्र सरकारने जुने चित्रपट दुरुस्त करून नव्या रूपात आणण्यासाठी ३६३ कोटी रुपये मंजूर केले. रक्कम मोठी आहे, आणि त्याबद्दल समाधान मानलेच पाहिजे. पण यंत्रात घालण्यापूर्वी प्रत्येक फीत कोणी तरी हातात घेऊन उलगडावी लागते. फाटलेली भोके जोडावी लागतात, आकसलेली फीत किती ताण सोशील हे बोटांना कळावे लागते, वास घेऊन रोग ओळखावा लागतो. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात फार असते. असा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि त्या हाताला उद्याच्या पोटाची चिंता असेल तर तो दुसरीकडे जातो.

कोणी म्हणेल, आता सगळे अंकांत साठवता येते, मग ही जुनी फीत कशाला जपायची? त्याला आमचे उत्तर असे. अंकांची नक्कल करणारी यंत्रे आणि त्यांच्या रीती दर दहापंधरा वर्षांनी बदलतात. जुन्या चकत्या वाचायला यंत्र मिळत नाही हा अनुभव घरोघरचा आहे. फीत दिव्यासमोर धरली की माणसाच्या डोळ्यांना दिसते. नीट जपलेली कृष्णधवल फीत शंभर वर्षे टिकते हे सिद्ध झालेले आहे, कारण शंभर वर्षे होऊन गेलेली आहेत. नक्कल जरूर करावी. पण मूळ वस्तू मोडीत काढू नये.

शिवाय ही विद्या मेलेली नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिचे उद्घाटन १९५० साली झाले, १९९० नंतरच्या दशकात संशोधकांनी पाण्यावर स्निग्ध द्रव्याचा एका रेणूच्या जाडीचा तवंग पसरून, त्याला धातूचे अणू चिकटवून, त्याचे थर एकावर एक उचलून घेण्याचे काम केले. तत्त्व तेच, सेंद्रियाने धरायचे आणि असेंद्रियाने काम करायचे. पुढे अशाच जातीच्या थरांतून सूर्यप्रकाशापासून वीज काढण्याचे प्रयत्न जगभर चालू झाले. मॅडॉक्सच्या काचेपासून तेथपर्यंत एक सरळ वाट आहे. कोथरूडहून पाषाणला जायला टेकडी ओलांडावी लागते एवढेच. पण चित्रपट जपणारे आणि पदार्थ घडवणारे यांनी एकमेकांकडे जावे असे आम्हाला वाटते. शिरक्याचा रोग हा शेवटी रसायनाचाच प्रश्न आहे.

नागरिकांनी काय करावे, हे सांगून आटोपते घेतो. आपल्या घराच्या माळ्यावर लग्नाची, मुंजीची, सभेची, संपाची एखादी फीत डब्यात पडलेली असेल. तिचा आंबट वास आला म्हणून ती भंगारात देऊ नका, जाणकाराला दाखवा. पुरुषांनी काढलेल्या मोर्चांची चित्रे वर्तमानपत्रांत तरी आहेत. गिरणीतल्या बायका, विडीकामगार बायका, घरकाम करणाऱ्या बायका यांची हालती छाया फार थोडी उरली आहे, आणि ती अशाच एखाद्या डब्यात असू शकेल. दुसरे, कोथरूडच्या त्या कोठारांकडे आपल्या गावचे धान्याचे कोठार समजून लक्ष ठेवा. तेथे वीज अखंड आहे का, माणसे पुरेशी आहेत का आणि त्यांच्या हाताला संरक्षण आहे का, हे विचारणे हा आपला हक्क आहे. चांदीचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येतो. थराचा भाव आपणच ठरवायचा आहे.